न संपणाऱ्या कामाची नोंदवही

‘लॉग’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका. पूर्वी जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो समुद्रात सोडत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. ठरलेल्या वेळात किती गाठी हातातून सुटल्या ते मोजायचे, की वेग कळला. (म्हणून जहाजाचा वेग अजूनही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींमध्ये सांगतात.) हा वेग ज्या वहीत लिहीत ती लॉग बुक. पुढे त्या वहीत वारा, पाऊस, आजारी पडलेला खलाशी, संपत आलेले पाणी असे सगळेच येऊ लागले. ओंडका गेला, वही राहिली.

संगणकाच्या जगात लॉग म्हणजे हीच वही. फरक एवढाच, की ती यंत्र स्वतःच लिहिते. अमुक वाजता काम सुरू झाले, अमुक फाईल उघडली, अमुक ठिकाणी अडले, अमुक वाजता संपले. मी आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवले. संगणकाचे शिक्षण मला नाही. पण १९९७ ते २००१ अशी चार वर्षे माझा भाचा आमच्याकडे जोगेश्वरीला राहत होता आणि सीप्झमधल्या एका कंपनीत मेनफ्रेमवर काम करत होता. त्याच्याशी जेवताना झालेल्या गप्पांतून हा विषय माझ्या डोक्यात शिरला आणि मग मी जमेल तसे वाचत गेले. इतिहासाच्या माणसाला यात इतके ओळखीचे सापडेल असे वाटले नव्हते!

मेनफ्रेम म्हणजे बँका, विमा कंपन्या, रेल्वे, सरकारी खाती यांचे प्रचंड हिशेब सांभाळणारा मोठा संगणक. मुंबईचे आणि मोठ्या संगणकांचे नाते जुने आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (आपली टीआयएफआर) प्रा. आर. नरसिंहन यांच्या चमूने बांधलेला संगणक १९६० मध्ये चालू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ ठेवले. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे बरेच मोठे यंत्र आले. पुढे आयुर्विमा महामंडळात संगणक आले तेव्हा नोकऱ्या जातील म्हणून मोठा विरोध झाला. कलकत्त्यात तर कर्मचाऱ्यांनी यंत्र बसू नये म्हणून इमारतीवर पहारा ठेवला होता. सरकारने स्वयंचलनावर एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. १९७८ मध्ये आयबीएम कंपनी भारतातून बाहेर पडली. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने घेतली.

आमच्या जोगेश्वरीच्या शेजारी, अंधेरी पूर्वेला, १९७३ मध्ये सीप्झ सुरू झाले. मूळ हेतू इलेक्ट्रॉनिक वस्तू निर्यात करण्याचा. पण टाटा बरोज, पटणी, टीसीएस अशा कंपन्या तिथे आल्या आणि वस्तूंपेक्षा संगणकाची कामेच जास्त निर्यात होऊ लागली. आमच्या मजासवाडीतली कित्येक मुले सकाळी डबा घेऊन तिकडे जाताना मी पाहिली आहेत. यांतली निम्मी मुले ज्या यंत्रावर काम करत, ते यंत्र त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिलेले नसे. ते असायचे न्यूजर्सीत नाहीतर शिकागोत. इथे फक्त पडदा आणि कळफलक.

आता मूळ विषय. पूर्वीच्या संगणकाची मोठी अडचण छपाईची होती. आयबीएमचा १९५९ साली आलेला १४०३ नावाचा छपाई यंत्राचा नमुना मिनिटाला ६०० ओळी छापे. ऐकून आपल्याला तो वेग अफाट वाटतो, पण संगणकाच्या मानाने ती गोगलगाय. छपाई संपेपर्यंत लाखो डॉलरचे यंत्र नुसते बसून राहायचे. त्यावर तोडगा असा निघाला, की कामाने आपले लेखन थेट छपाईकडे न पाठवता आधी चकतीवर म्हणजे डिस्कवर टाकायचे, आणि छपाई यंत्राने सवडीने तिथून उचलायचे. याला ‘स्पूल’ म्हणतात. स्पूल म्हणजे रीळ. १९६० च्या दशकात ह्यूस्टनला नासाच्या केंद्रात, चंद्रावर माणूस पाठवण्याची तयारी चालू होती त्या काळात, आयबीएमच्या लोकांनी यासाठी ‘हॅस्प’ नावाची प्रणाली लिहिली. पहिले अक्षर ह्यूस्टनचे. पुढे तिचेच ‘जेस २’ झाले. गंमत म्हणजे आजही मेनफ्रेमवर काम सुरू झाले की पडद्यावर ‘हॅस्प ३७३’ अशी सूचना उमटते आणि संपले की ‘हॅस्प ३९५’. नाव बदलून ५० वर्षे झाली, पण नोंदीतले जुने नाव कोणी काढले नाही. मोडी कागदपत्रांत बादशाही गेल्यावरही फारसी मायने तसेच राहिले, त्यातलाच हा प्रकार.

या व्यवस्थेत एक गृहीत धरलेले होते, की प्रत्येक काम कधीतरी संपणार. पगारपत्रक करायचे काम रात्री दोनला सुरू झाले, चारला संपले. संपले की त्याची सगळी नोंद छापायला मोकळी होते, छापून झाली की स्पूलवरची जागा रिकामी. धोबीघाटासारखे. एकाचे कपडे वाळले की दोरी दुसऱ्याला.

पण काही कामे संपतच नाहीत. बँकेच्या खिडकीवर बसलेल्या कारकुनाला, एटीएमला, विम्याच्या ग्राहकाला क्षणात उत्तर द्यायचे तर त्यासाठी एक कार्यक्रम सतत जागा हवा. आयबीएमचा ‘सीआयसीएस’ हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध, १९६९ पासूनचा. असा कार्यक्रम एकदा सुरू केला की आठवडेच्या आठवडे चालतो. आणि चालता चालता लिहीत राहतो. काम संपले नाही म्हणून नोंद संपली नाही. नोंद संपली नाही म्हणून ती छापताही येत नाही, पुसताही येत नाही. ती फक्त वाढते. स्पूल मात्र सगळ्यांचे मिळून एकच! चाळीच्या सामाईक गॅलरीत एकाच बिऱ्हाडाने सामान रचत जावे आणि शेवटी कोणालाच जाता येऊ नये, तसे होते. जागा पूर्ण भरली की नवे काम आत येत नाही, चालू कामांना लिहायला जागा मिळत नाही म्हणून तीही ताटकळतात. एका कामाच्या बडबडीने सगळे गाव ठप्प.

म्हणून यंत्र आधीच ओरडते. साधारणपणे जागा ८० टक्के भरली की ‘हॅस्प ०५०’ ही सूचना येते.

१९९९ च्या पावसाळ्यात एका रात्री बारा वाजता आमच्या घरचा फोन वाजला. आमचे हे घाबरूनच उठले, की गावाकडून काही बातमी आली की काय. फोन भाच्याच्या ऑफिसमधून होता. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे काम त्यांच्याकडे होते. आपले रात्रीचे बारा म्हणजे तिकडे दुपारचे अडीच, ऐन कामाची वेळ. दिवसभर जागा राहणारा त्यांचा मोठा कार्यक्रम कोणीतरी दोष शोधण्यासाठी ‘सगळे लिही’ अशी आज्ञा देऊन ठेवला होता. तो प्रत्येक व्यवहारामागे पाच-सहा ओळी लिहीत होता. दोन दिवसांत स्पूल ८८ टक्क्यांवर आले. कार्यक्रम बंद करून पुन्हा चालू केला तर जागा लगेच मोकळी होईल, पण मग तिकडच्या सगळ्या कचेऱ्यांतले पडदे काळे होतील. भाचा भर पावसात रिक्षा शोधायला बाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला.

काय झाले ते त्याने मला वरणभात खाता खाता सांगितले. सोपा उपाय समोर होता. इतर संपलेल्या कामांच्या जुन्या नोंदी पुसून टाकायच्या. आठवड्यापेक्षा जुने सगळे उडवा, असे फोनवर सांगणारेही होते. त्याच्या गटात एक ज्येष्ठ गृहस्थ होते, त्यांनी ठाम नकार दिला. “आधी टेपवर उतरवा, मग पुसा. पाऊण तास जास्त लागेल, लागू दे,” म्हणाले. यंत्रात ती सोय होतीच. तसे केले. शिवाय चकतीची जादा जागा जोडली आणि तिकडे रात्र झाल्यावर तो कार्यक्रम रीतसर थांबवून पुन्हा सुरू केला.

तीन आठवड्यांनी विमा कंपनीला काही ग्राहकांच्या खात्यात एकच हप्ता दोनदा पडलेला आढळला. कोणत्या रात्री कोणते काम दोनदा चालले याचा पुरावा त्या टेपवर निघाला. पुसले असते तर? “मावशी, तर आम्ही कुठलेतरी काम दोनदा चालवले असा आळ आमच्यावरच आला असता, आणि आम्हाला नाही म्हणायला तोंड नसते,” तो म्हणाला. काम तिकडच्याच माणसाने दोनदा चालवले होते. सीप्झमधल्या चार मुलांची नोकरी त्या पाऊण तासाने वाचली.

यानंतर त्यांनी कायमची व्यवस्था लावली. ती ऐकताना मला माझे वडील आठवले. ते गिरणीत रिंग खात्यात होते. तिथे सूत बॉबिनवर सतत गुंडाळत असते. बॉबिन भरली की डॉफर म्हणून असलेली पोरे भराभर भरलेल्या बॉबिन काढत आणि रिकाम्या बसवत. साचा तेवढ्यापुरता थांबे, की पुन्हा सुरू. कापूस संपेपर्यंत वाट बघत कोणी बसत नसे. मेनफ्रेमवरही हेच करतात, आणि तिथे तर साचाही थांबवावा लागत नाही. न संपणाऱ्या कामाची नोंद मध्येच कापून वेगळी काढायची. कधी कापायची ते तीन प्रकारे सांगता येते. दररोज अमुक वाजता, किंवा दर इतक्या तासांनी, किंवा इतक्या ओळी झाल्या की. कापलेला तुकडा काम चालू असतानाच छापता येतो, टेपवर ठेवता येतो, पुसता येतो. मूळ काम आपले पुढे चालू. याला ते ‘स्पिन’ म्हणतात. सुताचाच शब्द!

कापलेल्या तुकड्यांचे पुढे काय? त्यासाठी पिढ्यांची पद्धत आहे. एकाच नावाखाली क्रमांक टाकून तुकडे ठेवत जायचे आणि ‘तीस पिढ्या ठेव’ असे सांगून ठेवायचे. एकतिसावी आली की सर्वांत जुनी आपोआप बाहेर. यंत्राच्या स्वतःच्या हिशेबाच्या नोंदींसाठी (कोणी किती वेळ यंत्र वापरले वगैरे) आणखी एक युक्ती आहे. दोन किंवा जास्त फायली ठेवायच्या. एक भरली की लेखन दुसरीत, तोवर पहिलीतले उतरवून घ्यायचे. आमच्याकडे पाणी सकाळी दोन तास येई तेव्हा एका पिंपातले वापरत असू, दुसरे भरत असू. पहिले रिकामे करायला विसरलो आणि दुसरेही भरले, तर पाणी मोरीत. तिथेही तसेच. सगळ्या फायली भरल्या तर त्यापुढच्या नोंदी हरवतात.

मात्र सगळ्या नोंदी सारख्या नसतात, हे भाच्याने मला परत परत सांगितले. ‘काम सुरू झाले, चालू आहे’ अशी बडबड आठवड्याने टाकली तरी चालते. कोणी कोणत्या फाईलला हात लावला ही नोंद वर्षानुवर्षे लागते. आणि माहितीसाठ्यातल्या प्रत्येक बदलाची नोंद, जिच्यावरून यंत्र कोसळल्यावर खाते जसेच्या तसे परत उभे करतात, ती तर त्यानंतरची पूर्ण प्रत हाती आल्याशिवाय पुसायचीच नाही.

हे ऐकून मी हसले, कारण आमच्या शाळेच्या कपाटात हेच होते. आपल्याकडे सरकारी दप्तराची वर्गवारी ठरलेली असते. अ वर्ग कायम, ब वर्ग ३० वर्षे, मग १० आणि ५ वर्षांचे क वर्ग, आणि ड वर्ग एक वर्ष. शाळेतही हजेरीपट काही वर्षांनी जातो, पण जनरल रजिस्टर कधीच जात नाही. मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, जन्मगाव, आधीची शाळा. प्रवेश घेणारी मुले कधी संपत नाहीत म्हणून ते रजिस्टरही कधी संपत नाही. एक भरले की पुढचा क्रमांक टाकून नवे काढायचे. ही पिढ्यांचीच पद्धत, फक्त यातली कुठलीही पिढी बाहेर काढायची नाही.

मी निवृत्त होण्याच्या थोडे आधी मेघवाडीतला एक मुलगा शाळेत आला. त्याला इंजिनिअरिंगचा प्रवेश मिळाला होता, पण जातपडताळणीसाठी जुना पुरावा हवा होता. इतर मागासवर्गीयांना महाराष्ट्रात १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. त्याचे आजोबा शाळेत गेलेलेच नव्हते. पण आजोबांचा धाकटा भाऊ आमच्याकडे एक वर्ष होता, असे घरात बोलले जाई. आमचे लिपिक भाऊ आणि मी, दोघांनी दोन दुपार रजिस्टरे चाळली. पाने पिवळी, कडा वाळवीने खाल्लेल्या. १९६१ च्या जूनमध्ये ती ओळ सापडली. नाव, जात, गाव संगमेश्वर. पाचवीतून नाव काढले, कारण ‘फी थकली’. ती ओळ लिहिणाऱ्या कारकुनाला स्वप्नातही वाटले नसेल, की चाळीसएक वर्षांनी ही एक ओळ कोणाला इंजिनिअर करणार आहे. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा गावोगावची जुनी रजिस्टरे आणि मोडी कागद बाहेर निघाले. ते पाहताना मला तीच दुपार आठवत होती.

आणि पेशवे दप्तर? तेही न संपणाऱ्या कामाची नोंदवहीच. हुजूर दप्तरात रोजच्या रोज रोजकीर्द लिहिली जाई, कागद रुमालात बांधून ठेवले जात. असे हजारो रुमाल पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात त्यातून निवडून ४५ खंड छापले. तेही एकूण साठ्याच्या मानाने मूठभरच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दप्तराकडे दुर्लक्ष झाले असे अभ्यासक सांगतात. राज्य बुडण्याआधी नोंद बुडू लागते, हे मला वर्गात शिकवता आले असते तर बरे झाले असते. दुसरीकडे वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरचे कागद गोळा करत होते. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. ते पोचण्याआधी किती कागद बंबात गेले असतील, त्याला गणती नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. ‘ही टेप कायम ठेवा’ हे मेनफ्रेमला कसे सांगत? मुदत संपण्याची तारीख द्यावी लागे. वर्षाचे दोन आकडे आणि त्यापुढे वर्षातला दिवस. अनेक ठिकाणी ‘कायम’साठी ९९३६५ लिहायची पद्धत पडली. म्हणजे १९९९ चा तीनशे पासष्टावा दिवस, ३१ डिसेंबर. सत्तरच्या दशकात ती तारीख म्हणजे अनंतकाळच वाटत असणार! मग तो अनंतकाळ उंबरठ्यावर आला. वायटूकेच्या गडबडीत भाच्याच्या गटाला अशा टेपांच्या याद्या तपासायचे काम होते. यातली कुठली खरोखरच ३१ डिसेंबरला संपणारी आणि कुठली कायमची? यंत्राच्या दृष्टीने आकडा एकच. तो म्हणाला, “मावशी, ज्याने लिहिले त्याला ठाऊक होते, पण त्याने ते कुठे लिहून ठेवले नाही.” जे कायमचे म्हणून ठेवले, तेच एका रात्रीत कोरे समजून पुन्हा वापरले जाण्याचा धोका होता. त्यांनी एकेक टेप पाहून निवाडा केला. ३१ डिसेंबरच्या रात्री तो ऑफिसातच होता आणि सकाळी सुखरूप घरी आला.

आता छपाईची यंत्रे जवळजवळ गेली, टेपाही कमी झाल्या. मेनफ्रेम मात्र गेले नाहीत. आयबीएमचा नवा नमुना २०२५ मध्येच आला. भारतात एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने आदेश काढला, की संगणक व्यवस्थांचे लॉग १८० दिवस देशातच जपून ठेवायचे. १८० दिवस पुरेसे आहेत का, यावर जाणकारांनी बोलावे. मला इतकेच वाटते, की काय टाकायचे हे शांतपणे, आधी, लिहून ठरवलेले असावे. ८८ टक्के भरल्यावर मध्यरात्री घाईघाईने ठरवलेले बहुतेक वेळा चुकते. त्या रात्री पाऊण तास अडून बसणारा एक माणूस होता. दरवेळी असेलच असे नाही.

भाचा २००१ मध्ये अमेरिकेला गेला. हे लिहिण्याआधी त्याला फोनवर वाचून दाखवले. दोन तांत्रिक शब्द त्याने सुधारून दिले.

आता नातेवाईकांसाठी एक सूचना. दिवाळीची आवराआवर सुरू होईल तेव्हा माळ्यावरच्या ट्रंका रद्दीवाल्यासमोर उघडू नका. आधी एका दुपारी बसून तीन ढीग करा. या वर्षी टाकायचे, काही वर्षे ठेवायचे, आणि कधीच न टाकायचे. तिसऱ्या ढिगावर ‘महत्त्वाचे’ एवढेच लिहू नका. का महत्त्वाचे तेही लिहा आणि खाली तारीख घाला, वर्षाच्या चारही आकड्यांसकट.